सिनेमा बघून झाल्यावर बोला

मराठी चित्रपटांचे निर्माते, वितरक, चित्रपटगृहांचे चालक, मुलाखतकार आणि सर्व कलावंत यांस,



मी पुण्यात नारायण पेठेत राहते आणि मराठी सिनेमा तिकीट काढून बघते. तुम्हाला पत्र लिहायला एवढी ओळख पुरेशी आहे असं मी धरून चालते. मागणं एकच आहे. सिनेमा लागण्याआधी तुम्ही जेवढं बोलता, त्याच्या निम्मं तरी तो लागल्यानंतर बोला. पहिला आठवडा जाऊ द्या, आम्हाला सिनेमा पाहू द्या, मग आमच्यासमोर येऊन बसा. तेव्हा विचारण्यासारखं आमच्याकडे खूप असतं आणि तेव्हाच तुम्ही कुठे दिसत नाही.

सध्या काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की पंधरा दिवस सगळीकडे तेच चेहरे दिसायला लागतात. एका दिवसात पाठोपाठ मुलाखती, प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं. सेटवर सर्वांत जास्त मस्ती कोण करायचं? शूटिंगला उशिरा कोण यायचं? भूक लागली की कोणाची चिडचिड होते? मग एका शब्दात उत्तरं द्यायचा खेळ, मग एखाद्या गाण्यावर दोन पावलं, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून ‘येत्या शुक्रवारी नक्की बघा’. उत्तरंही आम्हाला पाठ झाली आहेत. वेगळ्या धाटणीचा सिनेमा आहे, आम्ही सगळे एक कुटुंबच झालो, भूमिका ऐकताक्षणी होकार दिला. हे सगळं खरंही असेल. पण ज्या माणसानं चार-सहा महिने एका भूमिकेबरोबर काढले, त्याला त्या भूमिकेविषयी सांगण्यासारखं याहून पुष्कळ असतं, हे मला पक्कं माहीत आहे.

यात कलावंतांचा दोष मी फारसा मानत नाही. कथानक फोडायचं नाही अशी त्यांना ताकीद असते. मुलाखतकारानं बहुतेक वेळा ट्रेलरच पाहिलेला असतो. आम्ही ऐकणारे तर पूर्ण कोरे. मग बोलायचं तरी कशावर? सिनेमाचा विषयच वर्ज्य असेल, तर सिनेमाच्या भोवतीचं बोलणं उरतं आणि तेच पुन्हापुन्हा होतं. त्यात कलावंत थकतो आणि त्याला ऐकणारी मी हळूहळू ऐकणं सोडून देते. वर्षानुवर्षं ज्यांच्यावर मी प्रेम केलं त्या माणसांचा आवाज मध्येच बंद करते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आगामी सिनेमांची वाट पाहणं हा आमच्यासारख्यांचा मोठा आनंद आहे, तो कमी व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. नागराज मंजुळे यांनी ‘खाशाबा’ची घोषणा केली, त्या दिवसापासून मी खाशाबा जाधवांविषयी मिळेल ते वाचत आले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आला. त्याच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. हे वाचल्यावर मनात लगेच प्रश्न उभे राहतात. लाल मातीत घडलेलं शरीर गादीवर लढताना कसं बदलतं? ते बदलणं नटाला कोण शिकवतं? ५० च्या दशकातली कुस्ती आजच्या तालमीत शिकलेल्या मुलांकडून कशी करवून घ्यायची? घोषणेच्या एका ओळीतून आमचं डोकं इतकं कामाला लागतं. या भुकेला तुम्ही सेटवरच्या गमती वाढता, म्हणून हे पत्र.

मराठीत कलावंत खरं बोललेले आहेत आणि ते याच शहरात छापून आलेलं आहे. हंसा वाडकरांचंच बघा. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ सालचा. पुण्यात विजयानंद थिएटरला तो अडीच वर्षं हलला नाही, हे आमच्याकडची वडीलधारी माणसं आजही सांगतात. एवढं यश ज्या नायिकेच्या नावावर, तिनं काही वर्षांनी आपलं आयुष्य अरुण साधूंना सांगितलं. पुण्याहून निघणाऱ्या ‘माणूस’ या नियतकालिकातून ते आधी लोकांसमोर आलं आणि १९७० साली राजहंस प्रकाशनानं त्याचं पुस्तक केलं. त्यालाही नाव ‘सांगत्ये ऐका’ असंच दिलं. पुढे श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला, १९७७ साली, आणि स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्या पुस्तकात हंसाबाई काय काय बोलल्या! कोवळ्या वयात घरासाठी कमवायला लागणं, लग्न, दारू, आयुष्यात आलेले पुरुष, मुलीपासूनची ताटातूट. कोणाकडून सहानुभूती मिळवायचा आव त्यात नाही. एक माणूस बोलतोय आणि दुसरा मन लावून ऐकतोय, एवढंच आहे. आणि ते इतकं मोकळं होऊ शकलं याचं साधं कारण मला असं दिसतं, की त्या वेळी हंसाबाईंना शुक्रवारी काही विकायचं नव्हतं. जो सिनेमा लोकांनी अडीच वर्षं बघितला होता, त्याच्याबद्दल आता काहीही सांगितलं तरी त्याचं नुकसान होणार नव्हतं. ऐकणाऱ्यानंही तो पाहिलेला होता. एका मुलाखतीतून पुस्तक आलं, पुस्तकातून दुसरा मोठा सिनेमा आला. मराठी सिनेमाला एका मुलाखतीनं याहून जास्त काय द्यावं?

त्याच्याही आधीची गोष्ट शांता आपटे यांची. ‘कुंकू’ची नायिका, प्रभात फिल्म कंपनीची सर्वांत गाजलेली गायिका-अभिनेत्री. १९३९ साली कराराच्या वादावरून ती प्रभातच्या दारात उपोषणाला बसली. दुसऱ्या वर्षी तिनं ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं. सिनेमात यायचंय म्हणणाऱ्या मुलींना तिनं त्यात आधी धंदा समजावून सांगितला. पैसा कोण घालतं, राबतं कोण, करारात काय लिहिलेलं असतं आणि नटीच्या हातात शेवटी काय पडतं. ८० वर्षांहून जास्त काळ लोटला. आज एखाद्या अभिनेत्रीला कोणी विचारतं का, की तुमच्या करारात कामाचे तास लिहिलेले असतात का? ठरलेले पैसे वेळेवर मिळतात का? मालिका आणि सिनेमा एकाच वेळी चालू असताना तुम्ही झोपता कधी? हे प्रश्न विचारले तर उत्तरं देणारे कलावंत मराठीत आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विचारायला वेळ आणि जागा कोणीतरी दिली पाहिजे.

आता अलीकडचं बोलते. १२ सप्टेंबर २०२५ या एका शुक्रवारी तीन मराठी सिनेमे लागले. ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. पुढच्याच शुक्रवारी ‘साबर बोंडं’ आला, ज्यानं त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं होतं. एका बाजूला दिलीप प्रभावळकर, दुसरीकडे ललित प्रभाकर आणि हृता दुर्गुळे, तिसरीकडे उमेश कामत-प्रिया बापट आणि त्यांच्यासोबत निवेदिता सराफ, गिरीश ओक. सगळी आमची लाडकी माणसं. सगळ्यांच्या मुलाखती एकाच पंधरवड्यात, एकमेकांच्या अंगावर. कोणता सिनेमा कशाबद्दल आहे हे त्या गर्दीत कळायचं ते कळलं. निवड शेवटी आम्ही एकमेकींना विचारूनच केली.

‘दशावतार’ लोकांच्या तोंडून वाढला. एकीनं बघितला, तिनं दुसरीला सांगितलं, दुसरी घरच्यांना घेऊन गेली. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’चं असंच झालं होतं, बायकांचे गटच्या गट एकत्र तिकिटं काढत होते. मराठी सिनेमा चालतो तो असा चालतो. ही माउथ पब्लिसिटी पहिल्या शनिवार-रविवारनंतर सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी तुमचं बोलणं थांबतं. कलावंत पुढच्या कामाला लागतात, मुलाखतकार पुढच्या सिनेमाच्या टीमला बोलावतात. बाहेर लोक तुमच्या सिनेमाबद्दल बोलताहेत आणि त्या बोलण्यात तुम्हीच नाही.

‘दशावतार’ पाहून आल्यावर मला प्रभावळकरांना काय विचारायचं होतं ते सांगते, म्हणजे माझं म्हणणं स्पष्ट होईल. सिंधुदुर्गातल्या दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, कोण कोणाची भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचत जातात. नट आपलं तोंड आपणच रंगवतो. हार्मोनियम, मृदंग, झांज यांच्या साथीवर पहाटेपर्यंत खेळ चालतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावची जत्रा. प्रभावळकरांचं सगळं काम लेखकाच्या शब्दावर उभं राहिलेलं आहे. लिहिलेल्या वाक्यातला प्रत्येक विराम जपणारा हा नट. तो वयाच्या ८१ व्या वर्षी बाबुली मेस्त्री होतो, म्हणजे शब्द न लिहिलेल्या रंगभूमीवरचा माणूस होतो. मग बाबुलीची रंगमंचावरची वाक्यं सिनेमात लिहून दिलेली होती का? लिहिलेली असतील, तर ती आत्ता सुचल्यासारखी कशी म्हटली? मूळच्या दशावतारी कलाकारांबरोबर उभं राहिल्यावर कोणाची लय कोणी उचलली? रंग स्वतः लावला का? या प्रश्नांनी सिनेमाचा एकही धागा उघड होत नाही हे खरं, पण ते सुचतात मात्र सिनेमा पाहिल्यावरच. असा अर्धा तास कोणी त्यांच्याशी बोललं असतं, तर मी तो सिनेमा पुन्हा जाऊन पाहिला असता, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण गेले असते. यात तुमचा धंदाही आहे, हे वितरकांनी ध्यानात घ्यावं.

‘साबर बोंडं’च्या बाबतीत तर ही गरज आणखी मोठी होती. मुंबईत राहणारा एक माणूस वडिलांच्या निधनानंतर गावी येतो आणि सुतकाच्या दहा दिवसांत लहानपणीच्या मित्राजवळ पुन्हा जातो, अशी ती गोष्ट. रोहन कानवडे यांनी फार हळुवारपणे सांगितलेली. असा सिनेमा बघून बाहेर पडलेल्या माणसाला बोलायचं असतं आणि त्याला घरी बोलता येईलच असं नसतं. तिथे दिग्दर्शक आणि कलावंत समोर असते, तर किती जणांचा आवाज मोकळा झाला असता! पुण्याला हे नवीन नाही. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात खेळ संपल्यावर दिग्दर्शक पडद्यासमोर येतो आणि लोक हात वर करून विचारतात, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहतो. आशय फिल्म क्लबच्या कार्यक्रमांतही हीच सवय लागली. इथला श्रोता ऐकायला तिकीट काढतो. सुधीर गाडगीळांनी व्यासपीठावर घेतलेल्या मुलाखतींना दशकानुदशकं लोक आले. सुलेखा तळवलकरांच्या ‘दिल के करीब’ आणि सौमित्र पोटे यांच्या ‘मित्रम्हणे’ या मुलाखतींच्या कार्यक्रमांनी दाखवून दिलं, की फोनवरही माणसं तास-दीड तासाचं बोलणं शांतपणे ऐकतात. तेव्हा ‘लोकांना लांबलचक नको असतं’ हे कारण आता पुढे करू नका.

तारीख आणि वेळ यांबद्दलही बोलायला हवं. रितेश देशमुखांच्या ‘राजा शिवाजी’साठी १ मे २०२६ ही तारीख जवळजवळ वर्षभर आधी जाहीर झाली. मोठ्या सिनेमाला हे जमतं. लहान सिनेमाची तारीख दोनदा पुढे जाते, आणि ठरली तरी गुरुवारपर्यंत बुकिंग उघडलेलं नसतं. मुलाखतीत कलावंत हात जोडून ‘पहिल्याच आठवड्यात बघा’ म्हणतो आणि मी फोन उघडते, तर पुण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सकाळी सव्वादहा आणि दुपारी सव्वाबारा. नोकरी करणाऱ्या, डबे करणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांना वेळेवर औषध देणाऱ्या बाईनं हे शो कसे गाठायचे? आणि मराठी सिनेमाला हात देणारा प्रेक्षक तर हाच आहे.

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावणं बंधनकारक केलं. आधी संध्याकाळच्या वेळेची भाषा होती, मग ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी रुंद झाली. दुपारी १२ वाजता कामावरच्या माणसासाठी कसला प्राइम टाइम? त्यानंतरही तीच रडकथा. २०२३ साली भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘टीडीएम’ला शो मिळेनात, सिनेमा काढून घेऊन पुन्हा लावायची वेळ आली. जुलै २०२५ मध्ये ‘सैयारा’ या हिंदी सिनेमाच्या लाटेत ‘येरे येरे पैसा ३’चे शो गेले आणि रस्त्यावर आंदोलनाची भाषा झाली. प्रत्येक वेळी चार दिवस आरडाओरडा होतो, बैठक होते आणि पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा सव्वादहाच्या शोकडे बघत बसतो. चित्रपटगृहचालकांना माझी विनंती अशी, की दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचा एक खेळ राहू द्या, एकाच पडद्यावर का होईना. कलावंतांच्या भेटीची गाठ त्या खेळाशी घाला. तो खेळ भरतो की नाही ते पाहा आणि मग काय तो निर्णय घ्या.

आमच्या पेठेतून पायी जाता येतील अशी किती थिएटरं होती! विजय, अलका, भानुविलास, विजयानंद, आणि अप्पा बळवंत चौकात १९३४ साली उभं राहिलेलं प्रभात, जे २०१४ संपताना मूळ मालकांकडे, किबे यांच्याकडे परत गेलं. अलकाच्या चौकाचं नाव लोकमान्य टिळक चौक, पण रिक्षावाल्याला आजही अलका टॉकीज चौक असंच सांगावं लागतं. तेव्हा वर्तमानपत्राच्या जाहिरातीत सिनेमाच्या नावाखाली थिएटरचं नाव आणि ३, ६, ९ अशा वेळा असायच्या, आणि त्या आठवडाभर बदलत नसत. पोस्टरवर तारखेबरोबर ‘या या ठिकाणी, संध्याकाळी इतक्या वाजता’ एवढं तुम्ही आजही लिहू शकता. निदान शहरातल्या दोन-तीन थिएटरांपुरतं तरी ते पक्कं करा. त्यानं अर्ध्या मुलाखतींचं काम होईल.

मुलाखत नेहमी नायक-नायिकेचीच का, हाही माझा जुना सल आहे. ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावे यांच्या चेहऱ्यावर गंधर्व उतरवले ते विक्रम गायकवाड यांनी. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, आणि ती बातमी वाचताना मला वाटलं, या माणसाकडे बसून कोणीतरी पूर्ण दिवस बोलायला हवं होतं. पुरुषाच्या जबड्याची रेघ स्त्रीच्या चेहऱ्यात कशी विरघळवायची, रंगमंचावरचा रंग आणि कॅमेऱ्यासमोरचा रंग यांत काय फरक ठेवायचा, जुन्या छायाचित्रातून त्वचेचा पोत कसा ओळखायचा. संकलक, ध्वनिमुद्रक, कपडेपट सांभाळणारे, प्रादेशिक बोली शिकवणारे, या सगळ्यांकडे असं ज्ञान आहे. ते त्यांच्याबरोबर जातं. ‘सैराट’ची गाणी वाजली तेव्हा त्यामागचा भला मोठा वाद्यवृंद हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला हे सगळ्यांनी ऐकलं, पण अजय-अतुल यांनी कागदावर आधी काय लिहिलं, तिथल्या वादकांना आपला ठेका कसा समजावला, हे तपशीलात सांगायला कोणी लावलं तर कितीतरी मुलं ते कान देऊन ऐकतील.

आणि हे बोलणं टिकवा. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे १९८० च्या दशकात मूकपटाच्या आणि सुरुवातीच्या बोलपटाच्या काळातल्या माणसांना बसवून त्यांच्या दीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या गेल्या. त्या मुलाखतींना कुठल्या प्रदर्शनाची घाई नव्हती, म्हणून त्या आजही उपयोगी पडतात. तुमच्या एका सिनेमाच्या प्रमोशनमधून शेकडो मिनिटांचं चित्रीकरण जमतं. त्यातलं जपून ठेवावं असं किती निघेल? निर्मात्यांनी प्रत्येक सिनेमामागे एकच मुलाखत अशी करावी, जी २० वर्षांनी कोणी विद्यार्थी काढून बघेल. खर्च फार नाही. एक शांत खोली, चांगला माइक आणि सिनेमा दोनदा पाहिलेला मुलाखतकार.

मुलाखतकारांना दोन गोष्टी. सिनेमा पाहिल्याशिवाय त्याच्यावर मुलाखत घेऊ नका. दाखवायला तयार नसतील तर प्रदर्शनानंतर घ्या, आम्ही थांबू. आणि मुलाखत पैसे घेऊन केलेली असेल तर तसं सुरुवातीला पडद्यावर स्पष्ट लिहा. जाहिरात करणं वाईट नाही. जाहिरात आहे हे आम्हाला कळलं पाहिजे.

कलावंतांना सांगायचं ते जरा नाजूक आहे. न चाललेल्या सिनेमाबद्दलही बोला. चाललेल्या सिनेमाचा सोहळा होतो, केक कापले जातात, त्याचे फोटो येतात. एका आठवड्यात उतरलेल्या सिनेमाचं नावही नंतर तुमच्या तोंडी येत नाही, जणू तो केलाच नव्हता. पण आम्ही तो पाहिलेला असतो. रिकाम्या थिएटरात आठ-दहा जणांनी बसून पाहिलेला असतो, आणि त्यातला एखादा प्रसंग आमच्या मनात राहिलेला असतो. कुठे चुकलं असं तुम्हाला वाटतं? पटकथेत ठीक होतं ते संकलनात गेलं का? त्या एका प्रसंगासाठी तुम्ही किती तयारी केली होती? हे तुम्ही सांगितलंत तर त्या आठ-दहा जणांना वाटेल की आपण तिथे होतो याला अर्थ होता. श्रीराम लागूंनी ‘लमाण’ या आत्मचरित्रात आपल्या कामाकडे किती कठोरपणे पाहिलं आहे! त्यानं त्यांच्याबद्दलचा आदर वाढलाच. आम्ही पुण्याचे लोक टीका करतो हे खरं, पण खरं बोलणाऱ्या माणसाला इथे पोरकं वाटत नाही.

म्हणून ठोस प्रस्ताव मांडते. येत्या वर्षात मराठी निर्मात्यांपैकी पाच जणांनी तरी हे करून पाहावं. प्रदर्शनानंतरच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाचा खेळ पेठांच्या जवळच्या एखाद्या थिएटरात ठेवायचा. खेळ संपल्यावर पाऊण तास दिग्दर्शक, एक कलावंत आणि एक तंत्रज्ञ समोर बसतील. प्रश्न प्रेक्षकांचे, आधी लिहून मागवायचे नाहीत. फोटो सगळ्यात शेवटी. थिएटरवाल्यांना पुढच्या खेळामुळे पाऊण तास देणं जमत नसेल तर आमच्या भागात सभागृहांची वाण नाही, भरत नाट्य मंदिर आहे, टिळक स्मारक मंदिर आहे, आम्ही तिकिटाचा तुकडा दाखवून तिथे चालत येऊ. माणसं जमवायचं काम आमच्याकडे. सोसायट्या, भिशीचे गट, ग्रंथालयाचे सभासद, शाळेतले शिक्षक, सगळ्यांना निरोप द्यायला आम्ही तयार आहोत. पहिल्यांदा ४० माणसं येतील, कदाचित २५ येतील. ती सगळी सिनेमा पाहिलेली असतील, आणि त्यांतला प्रत्येक माणूस घरी जाऊन तुमच्या सिनेमाबद्दल किमान चौघांशी बोलेल.

तुमच्यापैकी जो कोणी आधी हो म्हणेल त्यानं फक्त तारीख कळवावी, आणि शक्य असेल तर ती बदलू नये.



आपली,
नारायण पेठेतली एक प्रेक्षक